भाताच्या खाचरातले रणगाडे

आमच्याकडे एक दोनशे पानी वही आहे. पुढून उघडली की स्पर्धांचे नियम, मागून उघडली की किस्से. खरं म्हणजे ती आणली होती नियमांसाठीच. शाळेत सतरा वर्षं पी.टी. शिकवल्यावर नियम लिहून काढल्याशिवाय मला साधी लंगडीसुद्धा खेळवत नाही! पण झालं असं की नियम अकराव्या पानावर थांबले आणि मागची बाजू काही थांबेना. दर शनिवार-रविवारी माणसं येतात, रंगून जातात आणि जाताना काहीतरी विसरून जातात. टोप्या, गॉगल, चार्जर आम्ही फोन करून परत देतो. किस्से मात्र ठेवून घेतो.

आधी आम्ही कोण ते सांगते. मी बावधनला राहते. नोकरी सोडली तेव्हा लहान मुलांवर शिट्ट्या मारून मारून कंटाळले होते. म्हटलं, आता मोठ्यांवर माराव्यात. जागा मिळाली कोळवण खोऱ्यात, सोपानकाकांची. भात निघालं की त्यांची खाचरं दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंत मोकळीच असतात. त्यांच्याकडे दोन जुने छोटे ट्रॅक्टर होते. पिरंगुटच्या एका वेल्डरनं त्यांच्यावर पत्र्याची खोकी चढवली, वर गरगर फिरणारा घुमट बसवला, घुमटात पेंटबॉलची बंदूक. झाला रणगाडा!

आत दोन माणसं. खाली ड्रायव्हर, त्याला बाहेर बघायला पत्र्यात वीतभर फट. वर घुमटात कमांडर. दिशा त्यानं सांगायची, गोळी त्यानंच मारायची. गोळी म्हणजे बोराएवढा मऊ गोळा, पत्र्यावर फुटला की रंगाचा ठिपका. ज्याच्या रणगाड्यावर आधी दहा ठिपके पडले, तो हरला. इतकं सोपं आहे.

स्वयंपाकाचं खातं हिराकाकूंकडे, म्हणजे सोपानकाकांच्या मंडळींकडे. आणि रेफरी आहेत सैन्यातले रिटायर्ड हवालदार कांबळे. ते कसे आले तेही सांगते, पण आधी बोर्डाचं ऐका.

*

सुरुवातीला फाट्यावर आम्ही मोठा बोर्ड लावला. 'पेंटबॉल टँक. आजच बुक करा.' खाली माझा नंबर.

दुसऱ्याच दिवसापासून फोन सुरू! मला वाटलं, चाललं बुवा आपलं. पहिल्यानं विचारलं, "टँक किती लिटरचा?" दुसऱ्यानं विचारलं, "जुना टँक धुऊन पण देता का?" एका फार्महाउसवाल्या बाईंनी तर पार तपशिलात जाऊन विचारलं, "पेंट आतून लावता की बाहेरून?"

मी म्हटलं, "बाहेरून. पण ते तुमच्या नेमावर आहे."

त्यांनी फोनच ठेवला.

सोपानकाका म्हणाले, "बाई, हितं टँक म्हंजी पान्याचा. तुमी सरळ रणगाडा लिवा." पटलं मला. बोर्ड रंगवून घेतला. 'रणगाडा. आजच बुक करा.'

तिसऱ्या दिवशी फोन आला. अगदी शांत, सभ्य आवाज. "मॅडम, मी पोलीस चौकीतून बोलतोय. तुमच्याकडे रणगाडा आहे म्हणे?"

आता बोर्डावर लिहिलंय, 'रणगाडा, खेळायचा'.

*

आमची दोन मैदानं रस्त्याच्या दोन बाजूंना आहेत. त्यामुळे मॅच संपली की रणगाडा रस्ता ओलांडून पलीकडे न्यावा लागतो. पहिल्या रविवारी सोपानकाका तो ओलांडत असताना नेमकी एसटी आली. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला. रणगाडाही रस्त्याच्या मधोमध बंद पडला. बंदुकीची नळी बरोबर एसटीच्या काचेसमोर!

सगळी एसटी खिडक्यांतून बाहेर. मोबाइल निघाले. कंडक्टर खाली उतरला. सोपानकाका आत घामाघूम होऊन चावी फिरवतायत, आणि मी शिट्टी वाजवत हातानं 'थांबा, थांबा' करतेय, जसं काही एसटी माझ्या हुकमावाचून अंगावरच येणार होती.

मागच्या खिडकीतून एका म्हातारीनं डोकं काढलं. "काय झालं रं? लढाई लागली का काय?"

फटीतून सोपानकाका म्हणाले, "व्हय आजी, लागली!"

"कुनासंगं?"

"कुनासंगं न्हाई. आपापसातच."

आजींनी डोकं आत घेतलं. "मंग त्ये रोजचंच हाय की. चला वो कंडक्टर!"

*

त्याच गडबडीत कांबळे पहिल्यांदा दिसले. ते एसटीतच होते. कोळवणला विहाराच्या मागच्या आळीत त्यांचं घर. सैन्यात उभी नोकरी रणगाडा चालवण्यात गेलेली. कडक इस्त्रीचा शर्ट, पांढऱ्या मिशा, हातात भाजीची पिशवी. एसटीतून उतरले, पिशवी बांधावर ठेवली आणि आमच्या खोक्याला एक चक्कर मारली. पत्र्यावर टिचकी मारली. वाकून खाली बघितलं. मला इतकी धाकधूक कधी शाळा तपासणीलाही झाली नव्हती.

"ह्याला रिव्हर्स हाय का?" त्यांनी विचारलं.

"आहे."

"मंग ठीक हाय," म्हणाले आणि पुढच्या रविवारपासून न बोलावता कामावर हजर!

आल्या आल्या त्यांनी दोन सुधारणा केल्या. दोन्ही रणगाड्यांत एकेक लोखंडी हूक वेल्ड करून घेतला. कशाला, ते सांगितलं नाही. आणि ड्रायव्हरच्या सीटवर हिराकाकूंकडून गोधडीची घडी मागून घेतली.

मग हिंजवडीच्या एका कंपनीचे लोक आले. त्यांच्या एचआरच्या मॅडम उत्साही होत्या. कांबळ्यांना रेफरीचा झेंडा हातात घेतलेला बघून त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "सर, तुम्ही खरे रणगाडे चालवलेत. रणगाड्यात सगळ्यात महत्त्वाचं शस्त्र कुठलं?"

"पान्याची बाटली."

सगळे हसले. कांबळे हसले नाहीत. "हसू नका. बाटल्या दावा."

दोघांकडेच निघाल्या. बाकीच्यांना त्यांनी रांगेत हिराकाकूंच्या माठाकडे पाठवलं. कुरकुर झाली. एक सीनियर मॅनेजर तर म्हणाले, "अहो, दहा मिनिटांचा तर गेम आहे!"

भर दुपार, पत्र्याचं खोकं, खाली इंजिन. दहा मिनिटांनी तेच मॅनेजर बाहेर आले ते टोमॅटोसारखे लाल होऊन. हुकाला अडकवलेली बाटली त्यांनी एका दमात संपवली आणि मग कांबळ्यांसमोर उभं राहून कडक सॅल्यूट ठोकला!

कांबळ्यांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "आता बंदूक शिकवतो. या."

*

स्पर्धा कशा भरवायच्या याच्या आयडिया सगळ्यांकडे असतात. आमच्यापेक्षा जास्त असतात. एकानं फोन करून विचारलं, नवरदेवाची वरात रणगाड्यातून काढता येईल का. काढता येईल, मी म्हटलं, पण तो आतच बसेल, दिसणार नाही. "मग तर फारच छान," पलीकडून एक बाई म्हणाल्या. त्या नवरीच्या मावशी होत्या म्हणे!

एका सोसायटीला पार्किंगची स्पर्धा हवी होती. दोन गाड्यांच्या मधल्या जागेत रणगाडा उलटा लावायचा. चांगली कल्पना होती. सोसायटीतल्या एकाही माणसाला जमलं नाही. त्यांच्या वॉचमननं एका झटक्यात लावला, उतरला, आणि वळून सेक्रेटरींना म्हणाला, "साहब, रोज़ आपकी गाड़ी भी मैं ही लगाता हूँ।"

*

हिंजवडीचीच दुसरी एक कंपनी. त्यांना 'स्ट्रॅटेजी' शिकायची होती. मी वहीत नवीन नियम लिहिला: मॅच पंधरा मिनिटांची, त्यातच आखणी, त्यातच लढाई. पंधरा मिनिटं झाली की शिट्टी.

मॅच कंपनीच्याच दोन टीममध्ये व्हायची होती, पण दुसऱ्या टीमची बस चांदणी चौकात अडकली. तेव्हा कांबळ्यांनी पहिल्या बसच्या दोन ड्रायव्हरांना हाक मारली. ते झाडाखाली डबा खात होते. "खेळता का?"

"खेळू की. हात धुऊन येतो."

शिट्टी वाजली. कंपनीच्या टीमनं लगेच बोनेटवर कागद पसरला. बाण काढले. एकानं वारा कुठून आहे ते बघितलं. एक म्हणाला, "आधी आपलं ऑब्जेक्टिव्ह क्लिअर करूया." दुसरी म्हणाली, "रिस्क कुठली कुठली आहे ते लिहून काढू." सात मिनिटं झाली. मी काठावरून ओरडले, "अहो, रणगाड्यात बसा!" त्यांचा लीडर मला हातानं शांत करत म्हणाला, "मॅडम, दोनच मिनिटं. आम्ही ऑलमोस्ट अलाइन झालोय."

तेवढ्यात बसचे ड्रायव्हर हात धुऊन आले. टॉवेलला पुसले. एक खाली बसला, एक वर. बांधावरून निवांत रणगाडा घेऊन आले, दहा पावलांवर उभा केला आणि ठप्, ठप्, ठप्, मोजून दहा ठिपके मारले. कंपनीच्या रणगाड्याचं अजून इंजिनही सुरू झालं नव्हतं. आत कुणी नव्हतंच!

कांबळ्यांनी झेंडा खाली केला. "लई फौजा बघितल्या. घरात कुनी नसताना हरलेली पहिलीच."

संध्याकाळी टीमनं फीडबॅक फॉर्म भरला. अजून ठेवलाय मी. 'प्लॅनिंग एक्सलंट. वेळ थोडा कमी पडला.'

*

सासू-सून चषक ही हिराकाकूंची आयडिया. गावच्या बचत गटाच्या बायका नुसत्या बघायला येत, कडेला उभ्या राहून हसत. काकू म्हणाल्या, "बाई, ह्यांनाबी बसवा की."

मी नियम लिहिला: सून ड्रायव्हर, सासू कमांडर. फट फळीनं बंद करायची, म्हणजे ड्रायव्हरला काहीच दिसणार नाही; कमांडर सांगेल तसंच जायचं.

काकूंनी वही वाचली आणि परत दिली. "ह्यात नवं काय? उलटं करा."

उलटं केलं. सून वर, सासू खाली. ज्या सासवांनी कधी स्कूटीलाही हात लावला नव्हता त्यांना कांबळ्यांनी आठवडाभर ट्रॅक्टर शिकवला. आणि एकदा स्टिअरिंग हातात आल्यावर एकही सोडायला तयार नव्हती.

फायनलला होत्या मुठा गावच्या सुलाबाई आणि त्यांची सून अश्विनी. अश्विनी पौडला नोकरी करते, आवाज खणखणीत. मॅच सुरू झाली आणि ती वरून ओरडली, "आई, डावीकडे घ्या! डावीकडे!"

रणगाडा सरळ उजवीकडे गेला.

समोरच्या जोडीनं 'डावीकडे' ऐकलं होतं, त्यांनी डावीकडे नेम धरलेला. गोळ्या गवतात. तोवर अश्विनीनं उजवीकडून तीन ठिपके मारले. पुन्हा ओरडली, "आता उजवीकडे, आई! ऐकताय ना?" रणगाडा डावीकडे. पुन्हा समोरच्यांचा नेम भलतीकडे! बघणाऱ्या बायका पोट धरून हसत होत्या. सुलाबाई काही केल्या सुनेचं ऐकत नव्हत्या आणि रणगाडा जिंकत चालला होता.

चषक देताना मी अश्विनीला बाजूला घेतलं. "खरं सांग, नशीब की काय?"

"नशीब कसलं मॅडम! उजवीकडे जायचं असलं की मी डावीकडे ओरडत होते. लग्नाला सहा वर्षं झाली, एवढं कळत नाही का?"

मागे सुलाबाई हेल्मेट काढून केस नीट करत होत्या. त्यांना ऐकू गेलं. त्या म्हणाल्या, "आन् मला म्हाईत न्हवतं व्हय?"

*

मोठी माणसंही येतात. एका स्पर्धेच्या उद्घाटनाला भागातले एक पुढारी आले होते. पांढरे शुभ्र कपडे, कडक कांजी. स्वागताला त्यांच्याच कार्यकर्त्यांनी मैदानाच्या टोकाला त्यांचा भलामोठा फ्लेक्स लावलेला. आम्हा सगळ्यांना धास्ती एकच, त्या कपड्यांवर एक थेंबही उडता कामा नये. हिराकाकूंनी तर कढीसुद्धा रद्द केली!

ते आले, नारळ फोडला, आणि म्हणाले, "मी पण एक गोळी मारतो."

कार्यकर्त्यांनी हात देऊन वर चढवलं. कांबळ्यांनी चष्मा, हेल्मेट घातलं. समोर शंभर पावलांवर डबा ठेवला होता. साहेबांनी एक डोळा मिटला, श्वास रोखला, गोळी मारली.

गोळी बरोबर फ्लेक्सवरच्या साहेबांच्या नाकावर बसली. जांभळी.

कार्यकर्ते एकमेकांकडे बघायला लागले. टाळ्या वाजवाव्यात की नाही, हे कुणालाच कळेना. शेवटी सोपानकाकांनी मोठ्या मनानं सांभाळून घेतलं. "नेम चांगला हाय की सायबांचा!"

साहेब खाली उतरले. कपड्यांवर एक डाग नाही. मला जवळ बोलावून हळूच म्हणाले, "मॅडम, एक काम करा. कार्यक्रम झाला की तो फ्लेक्स माझ्या गाडीत टाका. हितं ठेवू नका. विरोधकांना उगीच आयडिया मिळायची."

आणि जाताना अजून दहा गोळ्या मारून गेले!

*

एक किस्सा मात्र माझ्यावरच आहे. तोही लिहून ठेवलाय.

एका वसतिगृहाच्या शिक्षिकेचा फोन आला. कॉलेजात जाणाऱ्या सहा मुली, सगळ्या अंध. खेळता येईल का? मी 'बघते' म्हणून फोन ठेवला आणि कांबळ्यांना विचारलं.

ते म्हणाले, "म्याडम, टँकच्या आत आमाला तरी काय दिसायचं?"

मग दोघांनी बसून नियम केला. ड्रायव्हर आमचा, वर मुलगी. दोन्ही रणगाड्यांना बैलांच्या घुंगुरमाळा बांधायच्या. आवाजावर नेम धरायचा. समोर एका क्लबचे तरुण होते. त्यांच्या डोळ्यांवर पट्ट्या. इथपर्यंत सगळं बरोबर होतं. पण माझ्यातली मास्तरीण जागी झाली. मी त्या क्लबवाल्यांना बाजूला घेऊन म्हटलं, "पट्ट्या जरा सैल बांधा आणि गोळ्या चुकवा हं. पोरी पहिल्यांदाच आल्यात."

मॅच झाली, मुली जिंकल्या. मी प्रमाणपत्रं घेऊन उभी. शुभांगी नावाची एक मुलगी घुमटातून खाली उतरली ती सरळ माझ्यासमोर.

"मॅडम, त्यांच्या गोळ्या कुठं पडत होत्या?"

"म्हणजे?"

"पत्र्यावर गोळी बसली की ठप् होतं. माझ्या गोळ्यांचं होत होतं. त्यांच्या सगळ्या गवतात गेल्या. एवढी वाईट नेमबाजी कुणाची नसते."

कांबळे माझ्याकडे बघत होते. त्यांना मी हे सांगितलंच नव्हतं.

"प्रमाणपत्र ठेवा तुमच्याकडे," शुभांगी म्हणाली, "मॅच परत लावा."

परत लावली. या वेळी पट्ट्या कांबळ्यांनी स्वतः आवळल्या. तुंबळ लढाई झाली. घुंगरं, इंजिनं, आरडाओरडा. आठावर नऊ, नऊवर नऊ, आणि शेवटी मुलींच्या रणगाड्यावर दहावा ठिपका पडला. मुली हरल्या.

शुभांगी खाली उतरली ती केसांपासून चपलेपर्यंत रंगलेली. पत्र्यावरून हात फिरवून तिनं ओले ठिपके मोजले. मग जोरात हसली आणि मैत्रिणीला टाळी दिली. "आता कशा हरलो!"

*

दर वर्षी पेरणीसाठी मैदान बंद करायच्या आधीच्या रविवारी आम्ही फक्त गावासाठी स्पर्धा ठेवतो. बाहेरचं कुणी नाही. घरटी एक नाव. नावाच्या चिठ्ठ्या तांब्यात टाकायच्या आणि जोड्या लावायच्या. ज्याचं नाव आधी निघेल तो ड्रायव्हर, नंतरचा कमांडर.

मागच्या वर्षी मी चिठ्ठी काढली. "ड्रायव्हर, सोपानकाका." टाळ्या झाल्या. दुसरी काढली. "कमांडर, दामूअण्णा."

टाळ्या थांबल्या.

दामूअण्णा हे सोपानकाकांचे सख्खे थोरले भाऊ. दोघांची घरं एका भिंतीची, खाचरंही शेजारी शेजारी. मधल्या बांधावरून भांडण झालेलं. कुणी कुणाचा बांध कोरला, हे दोनदा मोजणी होऊनही मिटलं नाही. बोलणं बंद. किती वर्षं, असं मी एकदा हिराकाकूंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "आमची पोरगी चौथीत व्हती. आता तिची पोरगी चौथीत जाईल."

कांबळे माझ्या कानाशी आले. "म्याडम, चिठ्ठी परत काढायची का?"

मी तांब्यात हात घातलाही होता. पण दामूअण्णा तोवर उठले होते. धोतराचा सोगा खोचला, हेल्मेट घातलं आणि कुणाकडे न बघता घुमटात चढून बसले. सोपानकाका खाली शिरले. त्यांनीही कुणाकडे बघितलं नाही.

फेरी बंद फटीची होती. फळी लावली, खिळे ठोकले. आता सोपानकाकांना काही दिसणार नव्हतं. दामूअण्णा बोलतील तरच रणगाडा हलणार.

मी शिट्टी वाजवली. समोरून डेअरीवाल्या जोडीचा रणगाडा निघाला. आमचा जागचा हलेना. इंजिन सुरू, धूर निघतोय, आणि वर दामूअण्णा तोंड मिटून उभे. सगळा गाव बांधावर बसलेला. डेअरीवाल्यांनी दोन ठिपके मारले. तीन.

मग दामूअण्णांनी बंदुकीवरचा एक हात काढला आणि आत, खाली घातला.

रणगाडा हलला. थोडा पुढे गेला. डावीकडे वळला. दामूअण्णांचे ओठ मिटलेलेच.

"खांद्यावर हात ठिवलाय," कांबळे हळूच म्हणाले. "त्यो दाबंल तिकडं ह्यो वळतुया. आवाज पोचत नसला की आमीबी असंच करायचो."

दामूअण्णांनी एकही गोळी मारली नाही. डेअरीवाल्यांचा दहावा ठिपका बसला. नियमाप्रमाणं मॅच संपली, मी शिट्टी वाजवली. पण रणगाडा थांबला नाही. हद्दीच्या दोरीवरून पलीकडे गेला, मैदानाबाहेर. खाचराच्या कडेनं हळूहळू जात जात दोघांच्या मधल्या त्या बांधाशी जाऊन उभा राहिला. इंजिन बंद झालं. दामूअण्णा आत खाली बसले आणि वरचं झाकण ओढून घेतलं.

दोन-चारजण तिकडे निघाले. कांबळ्यांनी झेंडा आडवा धरला. "कुनी जायाचं न्हाई. आत मानसं हायेत."

पाच मिनिटं झाली. दहा झाली. ऊन चढलेलं, पत्रा तापलेला. तेव्हा हिराकाकू उठल्या. दोन कप चहा घेऊन एकट्याच चालत गेल्या आणि बोटाच्या पेरानं पत्र्यावर टकटक केलं. झाकण थोडं उघडलं. एक हात बाहेर आला, त्यानं एक कप आत घेतला. मग दुसरा घेतला. झाकण पुन्हा लागलं.

काकू परत येऊन माझ्या शेजारी बसल्या.

"कुणाचा हात होता?" मी विचारलं.

"काय म्हाईत. दोघांचं हात सारखंच हायेत."

बऱ्याच वेळानं झाकण उघडलं. आधी सोपानकाका उतरले. उपरण्यानं तोंड पुसलं, मान पुसली, पुन्हा तोंड पुसलं. बांधावरचा सगळा गाव त्यांच्याकडे बघत होता. ते माझ्यापाशी आले आणि म्हणाले, "बाई, क्लच घसरतुया जरा. बघाया पायजे."

मागून दामूअण्णा हेल्मेट हातात घेऊन येत होते. ते म्हणाले, "क्लच न्हाई रं, गिअर हाय त्यो. कवापास्नं सांगतुया ह्याला!"